सर, तुमचं पान कुठलं?

प्रियदर्शनी कांबळे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, आणि कॉलेज तिला शिक्षक समजायचं नाही. ती तासिका तत्त्वावर होती. म्हणजे फळ्यापुढे उभं राहिलेला तास तेवढा तिचा, बाकीच्या वेळी ती कुणीच नव्हे. दिवाळीच्या सुट्टीत बेकार, उन्हाळ्याच्या सुट्टीत बेकार, आणि दर जुलैला पुन्हा नव्याने मुलाखत. स्टाफरूममधल्या एकाही कपाटावर तिचं नाव नव्हतं. डबा ती खिडकीत ठेवायची. पीएच.डी. झालेल्या बाईचा डबा खिडकीत उन्हाला, आणि ज्यांनी नोकरी पक्की झाल्यापासून एक नवं पुस्तक उघडलं नाही त्यांची कपाटं कुलूप लावून बंद.

ती कुरुंदवाडची. सकाळची पहिली एस.टी. पकडून कोल्हापूरला यायची, संध्याकाळी तशीच परत. तिचे वडील पिराजी कांबळे जन्मभर जयसिंगपूरकडच्या एका फौंड्रीत मोल्डर होते. वाळू चाळायची, पेटीत दाबायची, साचा उठवायचा. त्यांच्या फौंड्रीत एक रीत होती. साचा तयार झाला की प्रत्येक मोल्डरने त्यात आपली खूण दाबायची. लोखंड ओतलं आणि निवलं की ती खूण कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या तुकड्यावर, उमटायची. पिराजींची खूण त्रिकोण. माल गिऱ्हाइकाकडून परत आला, आत पोकळी निघाली किंवा तडा निघाला, की सुपरवायझर खूण बघायचा आणि त्या माणसाला हाक मारायचा. वाळू ओली होती, पेटी वाकडी होती, असलं काही तिथं ऐकून घेत नसत.

प्रियदर्शनीने हीच रीत उचलली. तिचं काम सैद्धांतिक. यंत्र नाही, तारा नाहीत, दिवे नाहीत. कागद, खडू आणि डोकं. प्रयोगशाळेला लागून एक अंधारी खोली होती, कधीकाळी प्रकाशाच्या प्रयोगांसाठी बांधलेली. आता तिथं मोडक्या खुर्च्या टाकत. तिने खुर्च्या एका बाजूला रचल्या, भिंतीला फळा टांगला आणि बी.एस्सी.च्या वर्गात विचारलं, "तासानंतर थांबून काम करायचंय. त्याचे मार्क मिळणार नाहीत. कोण येतंय?" वर्ग खाली बघायला लागला. दोघांनी मान वर केली. मलकापूरची क्रांती चौगुले आणि नेसरीचा पृथ्वीराज देसाई.

त्यांचा प्रश्न सांगायला सोपा होता. घन पदार्थात कण एका ओळीत बसलेले असतात, जणू स्प्रिंगांनी एकमेकांना जोडलेले. एक हलला की शेजारचा हलतो, आणि कंपन ओळभर पळतं. पण ओळीत एखादा कण हलका असला तर कंपन त्याच्यापाशी अडकून बसू शकतं. ओळीच्या मधल्या भागाचं उत्तर लोकांनी फार आधी काढून ठेवलंय. हे हलके कण ओळीच्या टोकाजवळ, वेगवेगळ्या जागी बसले तर काय होतं, हे या तिघांना शोधायचं होतं.

कामाची पद्धत अशी. प्रत्येक आकडेमोड दोघांनी करायची, वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांशी न बोलता. मग पानं शेजारी ठेवायची. उत्तरं जुळली तरच पुढे जायचं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ते करणाऱ्याची खूण. क्रांती चांदणी काढायची, पृथ्वीराज गोल, आणि प्रियदर्शनी बापाचा त्रिकोण. ज्याच्या पानात चूक सापडेल त्याला ते पान परत. संगणकाला हात लावायचा तो सगळं हाताने करून झाल्यावर.

"मॅडम, येवढं कोण करतंय आता?" पृथ्वीराज पहिल्याच आठवड्यात कुरकुरला. "संगणक एका मिनिटात सांगतोय की."

"काय सांगतोय?"

"उत्तर."

"आणि ते चुकलं तर कुणाकडं जायचं? संगणकाच्या घरी?"

क्रांती तोंडाला ओढणी लावून हसली. पृथ्वीराज गप बसून लिहायला लागला आणि पुन्हा कुरकुरला नाही. पोरगं दमायचं, पण काम टाकून उठायचं नाही. मलकापूरची शेवटची गाडी चुकू नये म्हणून क्रांती एक डोळा घड्याळावर ठेवायची, आणि उरलेलं पान गाडीत मांडीवर पूर्ण करायची. खड्ड्यांनी अक्षर नाचायचं. दुसऱ्या दिवशी ते ती स्वच्छ उतरवून काढायची.

एकदा संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले. सोबत विभागप्रमुख उदयसिंह इंगवले. अंधाऱ्या खोलीत दिवा दिसला म्हणून अध्यक्षांनी आत डोकावलं.

"काय बनवताय इथं?"

"बनवत नाही, साहेब," प्रियदर्शनी म्हणाली. "संशोधन आहे. सैद्धांतिक."

"आणि यंत्र कुठाय?"

"यंत्र न्हाय, साहेब," पृथ्वीराज म्हणाला. "खडू हाय."

अध्यक्ष हसले. मग उदयसिंह सर हसले. ते नेहमी अध्यक्षांच्या मागून हसत. "पोरं बसल्यात आपली," ते म्हणाले. "तेवढीच गल्लीत तरी हिंडत न्हाईत." आणि पुढे गेले. काम करताना घाम दिसला नाही की यांना ते काम वाटत नाही. घाम दिसला तर ते काम हलकं वाटतं. या लोकांना नेमकं कशाला काम म्हणायचं असतं, देव जाणे.

निबंध तयार झाला. इंग्रजीत, नीट, आकृत्यांसह. वर तीन नावं. क्रांती, पृथ्वीराज, शेवटी प्रियदर्शनी. तो परदेशी नियतकालिकाकडे पाठवायचा होता, आणि कॉलेजचा पत्ता लावायचा म्हणजे विभागप्रमुखांना दाखवणं भाग होतं. तिने दाखवला. उदयसिंह सरांनी पहिलं पान वाचलं. म्हणजे पहिल्या पानावरची नावं वाचली.

"कांबळे मॅडम, हे काय? पोरांची नावं?"

"काम त्यांनी केलंय, सर."

"बी.एस्सी.च्या पोरांची नावं कोण टाकतंय वो? आभार माना शेवटी. तेवढ्यावर खूश होत्यात ती." त्यांनी खिशातून पेन काढलं. "माझं नाव पहिलं घ्या. मग प्राचार्यांचं. मग तुमचं. असं बरं दिसतंय."

प्रियदर्शनीने पेनाकडे बघितलं. आवाज न चढवता तिने विचारलं, "सर, तुमचं पान कुठलं?"

"पान?"

"आमच्यात प्रत्येक पानाला माणूस हाय. चुकलं की त्याच्याकडं जातंय. तुमचं कुठलं लिहू?"

सर हसले. "मी विभाग सांभाळतोय. खोली कुणाची हाय? दिवा कुणाचा जळतोय?" मग पेन टेबलावर टेकवत म्हणाले, "आणि जुलैत मुलाखत हाय तुमची. कमिटीत मीच हाय. इसरला नसशीला."

एवढं सरळ बोलले. लाज वाटायचं त्यांना काही कारण नव्हतं. त्यांच्या आधीच्यांनी हेच केलं होतं, आणि सर तरुण असताना त्यांच्याही निबंधावर दुसऱ्याचं नाव चढलं होतं. आपल्याला लुबाडलं म्हणून आपण पुढच्याला लुबाडायचं, याला तिथं ज्येष्ठता म्हणत.

रात्री जेवताना तिने घरी सांगितलं. पिराजींनी भाकरी मोडत ऐकलं. आता त्यांना दमा होता. वाळूची धूळ छातीत बसली होती. बोलताना मध्ये थांबत.

"मग घाल की त्याचं नाव," ते म्हणाले. "आमच्या हरेक कास्टिंगवर मालकाचं नाव असायचं. मोठ्या अक्षरात. कधी वाळूला हात लावला न्हवता गड्यानं."

"आणि माल परत आला की, आबा? मालकाकडं जायचा का तुमच्याकडं?"

पिराजींनी भाकरी ताटात ठेवली. "आमच्याकडं," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय मग? पोट हाय तुला." ते चिडले. "त्रिकोण फिरवून मला काय मिळालं? ही छाती!"

आई बाळाबाई आमटी वाढत होती. "दोघं बी एका साच्यातली," ती म्हणाली. "जेवा आधी. भांडायला उद्या हायच की."

प्रियदर्शनी त्या रात्री काही ठरवू शकली नाही. नोकरी गेली तर बापाच्या औषधाचं काय, हा प्रश्न काही खोटा नव्हता. पण क्रांतीचं आणि पृथ्वीराजचं नाव आभारात घालायचं, म्हणजे चहा देणाऱ्याच्या आणि झेरॉक्सवाल्याच्या शेजारी, हेही तिच्या हाताने होईना. तिने निबंध तसाच ठेवला. पाठवला नाही.

उदयसिंह सर थांबले नाहीत. निबंध कॉलेजबाहेर गेलाही नव्हता, आणि फाटकावर फ्लेक्स लागला. 'आंतरराष्ट्रीय संशोधनात महाविद्यालयाचा झेंडा.' अध्यक्ष, प्राचार्य, उदयसिंह सर, तिघे फेटे बांधून. कोपऱ्यात शुभेच्छुकांची रांग. तिघा काम करणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा त्यावर नव्हता. कोल्हापुरात फ्लेक्स लागला की गोष्ट घडलीच असं लोक धरून चालतात. पानपट्टीवाला उदयसिंह सरांना शास्त्रज्ञ म्हणायला लागला.

मग सत्काराचा दिवस ठरला, आणि सरांच्या लक्षात आलं की आपल्याला त्यावर बोलावं लागणार. निबंधात काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. प्रियदर्शनीला विचारायचं तर कमीपणा. त्यांनी क्रांतीला केबिनमध्ये बोलावलं.

"थोडक्यात सांग. मला सगळं माहीतच हाय, पण पब्लिकला कळंल असं."

क्रांती फळ्यावर ओळ काढून सांगायला लागली. सर फोनवर फेटेवाल्याशी बोलत होते. ती आपली सांगत राहिली, भिंतीला सांगावं तशी. "हे कण. ह्या स्प्रिंगा. आता पदार्थ इथं संपतोय. इथनं पुढं काही न्हाय. म्हणजे ह्या शेवटच्या कणाला पलीकडनं धरायला कोण..." तिचा खडू थांबला. पलीकडून धरायला कुणी नाही. आणि त्यांनी सगळ्या आकडेमोडीत शेवटचा कण पलीकडच्या भिंतीला बांधला होता.

"झालं?" सरांनी फोन बाजूला करून विचारलं.

"व्हय, सर," क्रांती म्हणाली, आणि पळत अंधाऱ्या खोलीत गेली.

प्रियदर्शनी आणि पृथ्वीराज आकृत्या तपासत होते. क्रांतीने धापा टाकत सांगितलं. पृथ्वीराजला पटेना.

"आगं पण आपलं दोघांचं उत्तर जुळलंतं की! वेगळ्या खोलीत बसलोतो आपण!"

प्रियदर्शनीने दोघांची पानं शेजारी ठेवून पाहिली. मग म्हणाली, "जुळणारच. तुम्हा दोघांना शिकवलं कुणी?"

तिनेच शिकवलं होतं. पहिल्या वर्षापासून ओळीचं गणित सांगताना ती दोन्ही टोकं भिंतीला बांधायची, कारण तसं सोपं पडतं. पोरांच्या हातात ते बसलं. वेगळ्या खोल्यांत बसवून तिने दोघांचं बोलणं थांबवलं होतं, पण दोघांच्या डोक्यात तिचंच बोलणं होतं. तपासणी जुळली, कारण चूकही जुळली.

"मग आता कुणाच्या पानात चूक धरायची?" पृथ्वीराजने विचारलं.

तिने पहिलं पान घेतलं, त्याचा गोल खोडला आणि तिथं त्रिकोण काढला. क्रांतीच्या पानावरही तेच केलं. "माझ्या," ती म्हणाली. "चला. पहिल्यापासनं."

ती तशीच उदयसिंह सरांकडे गेली. स्टाफरूममध्ये सगळे बसले होते, सत्काराच्या बेताची चर्चा चालली होती. तिने उभ्या उभ्या सांगितलं. चूक आहे, माझी आहे, निबंध पाठवता येणार नाही, नव्याने करावा लागेल.

"किती मोठी चूक?"

"टोकापाशी कंपन अडकतं असं लिहिलंय आपण. टोक मोकळं धरलं तर ते सुटून जातंय. अडकायला कण आणखी बराच हलका लागतोय. निम्मं म्हणणं खोटं ठरतंय."

सरांनी आवाज खाली आणला. "मॅडम, कोण बघतंय? पाठवून द्या तसंच. फ्लेक्स लागलाय."

"बघतील, सर. तिथं बघायलाच माणसं ठेवलेली असतात. विचारतील. तेव्हा पहिलं नाव तुमचं असणार. तुम्हालाच विचारतील."

हे मात्र त्यांना लगेच कळलं. आतापर्यंत न कळलेलं सगळं एका क्षणात कळलं. ते खुर्चीतून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "हे बघा, माझं नाव काढा त्यातनं. प्राचार्यांचं बी काढा. बी.एस्सी.च्या पोरांकडनं संशोधन करून घेतलं की असंच होणार! माझा ह्या कामाशी काडीचा संबंध न्हाय."

"बरं, सर," प्रियदर्शनी म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. शिपायाने तो नेऊन आपल्या म्हशीच्या गोठ्यावर घातला, छापलेली बाजू खाली करून.

उन्हाळाभर ते तिघे पुन्हा बसले. पोरांच्या परीक्षा होत्या. परीक्षा देऊन ती यायची. सुट्टीत प्रियदर्शनी कागदोपत्री कॉलेजची कुणीच नव्हती, तरी एस.टी.चं तिकीट काढून यायची. खोलीत पंखा नव्हता, खडू घामाने ओला व्हायचा. पानामागून पान नव्याने झालं. आता तिने पद्धतीत एक भर घातली. तिने स्वतः शिकवलेलं नाही असं एक माणूस तपासायला हवंच. पुण्यात शिकवणारी तिची एक जुनी मैत्रीण, श्रुती, हिच्याकडे पानं जायची, आणि ती निर्दयपणे लाल रेघा मारून परत पाठवायची. निबंध आधीपेक्षा लहान झाला. मोठं वाटणारं एक म्हणणं गळून पडलं. उरलं ते खरं होतं. तीन नावांनी तो गेला.

जुलैत नियतकालिकाच्या परीक्षकांचं उत्तर आलं. किरकोळ दुरुस्त्या करा, मग छापतो. ही बातमी कॉलेजात पोहोचायला वेळ लागला नाही, आणि उदयसिंह सरांचा फोन आला.

"अभिनंदन, मॅडम! दुरुस्त्या करताय तर नावांची बी दुरुस्ती करून टाका. माझं मधी कुठं तरी घ्या. पहिलंच पायजे असं काय न्हाय."

"सर, काडीचा संबंध नव्हता ना?"

"रागात बोलतोय माणूस."

"मुलाखत परवा आहे, सर. तिथंच बोलू," ती म्हणाली आणि फोन ठेवला. चूक निघाली तेव्हा काम पोरांचं, आणि काम खरं निघालं तेव्हा नाव सरांचं. असला व्यवहार तिच्या बापाच्या फौंड्रीतल्या मालकानेही केला नव्हता. त्याचं नाव निदान बिघडलेल्या मालावरही तसंच राहायचं.

पोरांना हे कळलं. पृथ्वीराज नेसरीहून मुद्दाम कुरुंदवाडला तिच्या घरी आला, सोबत क्रांतीही होती. पायातल्या चपला काढता काढता म्हणाला, "मॅडम, माझं नाव काढा. त्या जागी सरांचं घाला. मला काय, एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय. तुमची नोकरी ऱ्हाईल."

इतका राग तिने सरांवरही काढला नव्हता. "तुझ्या पानात उद्या कुणी काही विचारलं तर? सर सांगणार हायत? मोठेपणा करालाईस व्हय? खूण म्हणजे काय तुझ्या अंगावरचा शर्ट हाय, काढून दुसऱ्याला द्यायला?"

पृथ्वीराज काढलेल्या चपला पुन्हा पायात घालायला लागला. क्रांती त्याला म्हणाली, "बस आता, मर्दा. लईच कर्ण झालाईस." तेव्हा तिघेही हसले, पण फार नाही.

मुलाखतीत चौघे जण टेबलापलीकडे बसले होते. उदयसिंह सरांनीच प्रश्न विचारला. "तुमच्या संशोधनात गंभीर चूक झाली होती असं कानावर आलंय. खरं काय?"

"खरं आहे. चूक माझी होती. दुरुस्त केली."

"म्हणजे शिकवण्यातच चूक होती."

"हो."

"मग आम्ही विद्यार्थ्यांचं भवितव्य तुमच्या हाती कसं द्यावं?"

हा प्रश्न विचारताना त्यांचा चेहरा गंभीर होता. बाकीचे तिघे कागद चाळत राहिले. स्टाफरूममध्ये त्या दिवशी जे बसले होते त्यांतला एक जण त्या तिघांत होता. त्यानेही कागदच चाळले. तिने चूक स्वतःहून सांगितली नसती तर कुणालाच कळली नसती, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि तीच चूक तिच्या विरुद्ध वापरली गेली.

तिला तास मिळाले नाहीत. ते दुसऱ्या कुणाला मिळाले. त्या माणसाचा यात दोष नाही, त्यालाही डबा खिडकीतच ठेवावा लागणार.

सध्या ती इचलकरंजीतल्या एका कॉलेजात शिकवते. पुन्हा तासिका तत्त्वावरच. तिथं अंधारी खोली नाही, म्हणून सायकल स्टँडच्या मागच्या पडवीत फळा टांगलाय. ओळीचं गणित शिकवताना ती आता पहिल्याच दिवशी टोक मोकळं ठेवते आणि सांगते की हे अवघड आहे. चार पोरं थांबतात.

निबंध छापून आला तेव्हा तिने त्याची प्रत काढून घरी नेली. पिराजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षरं ओळखता यायची. त्यांनी चष्मा लावला आणि नावांवरून बोट फिरवलं.

"ही पोरगी मलकापूरची?"

"व्हय."

"आणि ह्यो नेसरीचा. ही तू." त्यांनी पान उलटून मागे बघितलं, पुन्हा पुढे. "आणि मालकाचं नाव कुठं हाय?"

"न्हाय."

पिराजी जरा दम घेऊन म्हणाले, "मग परत आलं तर?"

"आमच्याकडंच येणार, आबा."

"येऊ दे तर," ते म्हणाले, आणि प्रत उशाखाली सरकवली.